टोळीत नाव घ्यायचं नसतं

विमलबाई अर्धा कोयता झाल्या, तेव्हा रोहिणी आत लॅपटॉपसमोर बसली होती आणि ओट्यावरचं बोलणं तिला शब्दन् शब्द ऐकू येत होतं.

अर्धा कोयता म्हणजे काय, हे उमापुरात शेंबड्या पोरालाही सांगावं लागत नाही. बाहेरच्यांसाठी सांगतो. ऊसतोडीला माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकानं तोडायचं, दुसऱ्यानं मोळी बांधायची, आणि ट्रॉली भरायची वेळ आली की दोघांनीही डोक्यावर घ्यायचं. एकटं माणूस आलं की ते अर्धा कोयता, आणि अर्ध्याला कुणी हुंगून बघत नाही. हा हिशोब ज्यानं काढला त्याचं भलं होवो, पण गेवराई तालुक्यातली कितीतरी घरं त्यावरच उठतात-बसतात.

रोहिणीचे वडील गहिनीनाथ मागच्या हंगामात डोक्यावर मोळी घेऊन ट्रॉलीच्या फळीवरून घसरले. उजवा खांदा निखळला तो पुन्हा धड बसलाच नाही. ज्यांना सदरा घालायला दुसरं माणूस लागतं, ते कोयता कुठला उचलतात? पोळा सरला, आणि मुकादम सुंदरराव दर सालासारखा टोळी जमवत दारोदार फिरायला लागला. फिरत फिरत तो यांच्या ओट्यावर येऊन टेकला.

"वैनी, गहिनीभाऊचं तर आता काय खरं न्हाई," तो म्हणाला. "तुमी ऱ्हायल्या अर्धा कोयता. तुमाला जोडू कुणाला? परक्या गड्यासंगं जोडलेलं चालंल का?"

"त्ये नाव बी काढू नका," गहिनीनाथ म्हणाले.

"मग घरात पोरगी हाय की. ल्हान का हाय आता ती?"

मग विमलबाईंचा आवाज आला. "पोरगी न्हाई येणार. तिला पुण्याच्या कंपनीचं काम लागलंय. अजून कच्चं हाय, दसऱ्यापोतर पक्कं करतेत. पक्कं झालं की मी बी येत न्हाई."

"आन् न्हाई झालं तर?"

"व्हईल," विमलबाई म्हणाल्या.

तो एक शब्द ऐकून रोहिणीनं कीबोर्डवरचे हात काढून घेतले. आईनं तिला आजवर कधी 'हे कर' म्हटलं नव्हतं की 'ते करू नको' म्हटलं नव्हतं. पण मुकादमासमोर शब्द देऊन बसली. म्हणजे दसऱ्याला काम पक्कं झालं तर आईचा कोयता कायमचा आढ्याला, आणि नाही झालं तर आईच्या जोडीला ती स्वतः. मधला रस्ता नव्हता.

आता ही पोरगी करत तरी काय होती, तर डेव्हऑप्स शिकत होती. नाव ऐकून दचकू नका, गावात सगळेच दचकले होते. विमलबाईंनी विचारलं तेव्हा रोहिणीनं सांगितलं, "माय, प्रोग्राम लिहिणारी माणसं येगळी आन् ती मशीनवर चालती ठेवणारी येगळी. त्या दोघांच्या मधलं काम. फडात ऊस तुटतो आन् तिकडं कारखाना चालतो. पर मधी ट्रॅक्टर बंद पडला, काटा बंद पडला, रस्ता चिखलानं भरला, की सगळंच थांबतंय ना? ते थांबू द्यायचं न्हाई."

"म्हंजे मुकादमाचं काम," विमलबाई म्हणाल्या.

"मुकादमाचं न्हाई, माय."

"बरं," त्या म्हणाल्या, पण त्यांच्या मनातून मुकादम काही गेला नाही.

रोहिणीची सुरुवातीची शाळा म्हणजे फडाशेजारची, तोडकऱ्यांच्या लेकरांची साखरशाळा. नंतर गावात हंगामी वसतिगृह निघालं, तेव्हा आई-बाप तोडीला आणि ही वसतिगृहात, असं करत करत ती बारावी झाली. पुढं गेवराईला कॉलेज केलं, कॉम्प्युटर घेऊन. पदवी हातात आली आणि लक्षात आलं की ती पदवी बघून कुणी दारात उभं करत नाही. मग शहादेव सर भेटले. बीडला एका गाळ्यात ते शिकवायचे. तिरसट माणूस, पण शिकवायचा जीव तोडून. पहिल्या दिवशीच म्हणाले, "मोठमोठी नावं ऐकून आला असाल तर घरी जा. माझ्याकडं पाया घालायचा. लिनक्स आलं नाही तर पुढचं काही येत नाही, आणि नेटवर्क कळलं नाही तर आलेलंही उपयोगाचं नाही."

आणि पाया म्हणजे काय असतो हे रोहिणीला तेव्हा कळलं. काळी खिडकी, त्यात लुकलुकणारी एक रेघ, आणि आपण आज्ञा लिहायची. एक अक्षर चुकलं की मशीन उलट उत्तर देणार, तेही इंग्रजीत. कुठली फाईल कुणाला वाचता येते, कुणाला बदलता येते; एका मशीनचा निरोप दुसऱ्याला कुठल्या दारातून जातो; केलेलं काम गिटमध्ये कसं ठेवायचं, म्हणजे मोडलं तर मागं जाता येतं. जुना लॅपटॉप, त्याची बॅटरी मेलेली. उमापुरात लाईट गेली की तो पण गेला. मग ही पोरगी आज्ञा पाठ करायची. भांडी घासताना तोंडात ग्रेप, सेड, ऑक. विमलबाईंना वाटायचं पोरगी कसला जप करतेय, म्हणून त्या मधे बोलायच्या नाहीत.

कष्टाला ती भ्यायली नाही. भीती तिला दुसऱ्याच गोष्टीची होती, आपण या कामातल्या वाटत नाही याची. कॉलवर सगळे पटपट बोलायचे, हसायचे, एकमेकांना नावानं हाका मारायचे. ही माइक बंद करून ऐकत बसायची. तरी शहादेव सरांनी तिचं नाव पुढं पाठवलं आणि पुण्याच्या त्या कंपनीनं तिला उमेदवारीवर घेतलं. घरूनच काम. दूध संकलन केंद्रांचं सॉफ्टवेअर ते चालवायचे. गावोगावी शेतकरी कॅन घेऊन येतो, दूध मोजलं जातं, फॅट लागतं, पावती निघते. त्या पावतीमागचं मशीन यांच्याकडं.

कंपनीत नव्या मुलांच्या जोड्या लावायची रीत होती. दोघांनी मिळून एक काम करायचं, एकमेकांचं बघायचं, आणि शिकाऊ असेपर्यंत दोघांना मिळून एकच लॉगिन. रोहिणीच्या वाट्याला माजलगावचा तानाजी आला. सरांच्या क्लासातलाच. धरणाखालची बागायत, घरचा ऊस, घरची गाडी. पण पोरगा गुणी. हिची लाईट गेली की हिच्या वाटचंही करून ठेवायचा आणि बोलून दाखवायचा नाही.

जोडी म्हटल्यावर रोहिणीनं मनात काय धरलं असेल, हे सांगायला पाहिजे का? तिनं कोयता धरला. दोघं मिळून एक. एक पडला की दुसराही पडला. कंपनीच्या मनात तसलं काही नव्हतं, पण हे तिला सांगणार कोण? तिनं विचारलंही नाही. जे आईच्या दुधाबरोबर कळलंय ते कोण कुणाला विचारतं?

आणि इथं एक जुनी गोष्ट सांगावी लागते, नाहीतर पुढचं सगळं येडेपणाचं वाटेल.

रोहिणी लहान असताना, साखरशाळेच्या वयात, एका फडाच्या कडेला आग लागली. टोळीतल्या एका नव्या पोरानं बिडी टाकली होती, उसाचं वाळलं पाचट धडधडून पेटलं. ऊस फार नाही जळाला, पण शेतमालक हातात काठी घेऊन आला आणि मुकादम त्याच्या मागं. "कुणी केलं? नाव सांगा. बाकीच्यांना मी काही म्हणत नाही." गोड बोलला, मग आवाज चढवला, मग पुन्हा गोड बोलला. टोळी खाली मान घालून उभी. गहिनीनाथ पुढं झाले आणि म्हणाले, "टोळीकडून झालं, मालक. जे करायचं ते टोळीला करा." मालकानं सगळ्या टोळीकडून ते रान फुकट साफ करून घेतलं. पण नाव कुणी घेतलं नाही. तो पोरगा नंतर गहिनीनाथांच्या पायावर पडून रडला. कोपीच्या, म्हणजे टोळीच्या झोपडीच्या, दारातून रोहिणी बघत होती. आपल्या बापाएवढा मोठा माणूस जगात नाही असं तिला त्या दिवशी वाटलं, आणि ते वाटणं पुढं कधी उतरलं नाही.

टोळीत नाव घ्यायचं नसतं. नाव घेतलं की माणूस एकटा पडतो, आणि फडात एकटा पडलेला माणूस मेला. हे तिचं पहिलं शिक्षण. लिनक्स त्याच्या कितीतरी नंतर आलं.

दसरा तोंडावर आला होता. एका दुपारी तानाजीचा फोन आला. आवाज पार बसलेला.

"रोहिणी, लई मोठी चूक झाली गं माझ्याकडून."

"काय झालं?"

"सरावाच्या मशीनवरच्या जुन्या फायली काढायच्या व्हत्या ना? दोन खिडक्या उघड्या व्हत्या. मी दुसरीत टाइप केलं. खऱ्या मशीनवर. पावत्यांचा सगळा फोल्डर गेला."

रोहिणी उठून उभी राहिली. संध्याकाळचं दूध यायची वेळ होत आली होती. "कुणी इचारलं का?"

"अजून न्हाई. मी आता शिवानी मॅडमला सांगतो."

"काय बी सांगू नको. गप ऱ्हा तू. मी बघते."

"अगं, पण—"

"तानाजी, दसऱ्याला तुला बी पक्कं व्हायचंय ना? मग गप ऱ्हा म्हणते ना मी."

तिनं ते मशीन उघडलं. काय केलं की मशीन काय लिहून ठेवतं, हे तिला चांगलं माहीत होतं. तोच तर पाया. कुठल्या वेळी कोण आलं, काय आज्ञा दिली, काय पुसलं, याच्या ओळीच्या ओळी मशीन स्वतःहून लिहीत असतं. तिनं त्या ओळी शोधल्या. तानाजीनं दिलेली आज्ञा काढली, आल्याची नोंद काढली, आणि शेवटी आपण आल्याचीही काढली. इतक्या महिन्यांत जे जे घोटलं होतं ते सगळं एका जागी कामाला आलं. काम झाल्यावर तिची छाती भरून आली. आपण आता या कामातल्या झालो, असं तिला पहिल्यांदा वाटलं, आणि वडलांनी हे बघायला हवं होतं असंही वाटलं.

अगं पोरी. काय करून बसलीस हे तुला तिथं सांगणारं कुणी नव्हतं.

फोल्डर गेला एवढंच असतं तर पुण्यातल्या लोकांनी कालची प्रत काढून तासाभरात सगळं परत बसवलं असतं. असल्या चुका तिथं होतात, आणि त्यावर ते चहा पितात. पण त्यांनी मशीन उघडलं तर फायली गायब आणि कोण आलं-गेलं त्याचा मागमूस नाही. घरातलं माणूस चुकलं तर खुणा राहतात. खुणा पुसून जातो तो चोर. कुणीतरी बाहेरून घुसलंय असं समजून त्यांनी सगळीच मशीनं बंद केली. संध्याकाळचं दूध आलं, सकाळचं आलं, पावत्या निघेनात. केंद्राकेंद्रावर माणसं कॅन घेऊन ताटकळली. कुठं तरी थंड करणाऱ्या टाकीचं गणितही त्याच मशीनवर होतं, तिथलं दूध नासलं. लोक केंद्रचालकाच्या अंगावर गेले. रोहिणी हे सगळं कंपनीच्या ग्रुपवर पुन्हा पुन्हा वाचत होती. पण आता तोंड उघडायची वेळ गेली होती. निदान तिला तसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी शिवानी मॅडमनी एकेकाला कॉलवर घेतलं. शिवानी मॅडम म्हणजे त्यांच्या गटाच्या प्रमुख. शांत बाई, कधी आवाज चढवायच्या नाहीत.

"रोहिणी, कोण चुकलं हे मला नकोच आहे," त्या म्हणाल्या. "आपल्याकडे चुकलेल्याला शिक्षा नसते. काय झालं तेवढं क्रमानं सांग, म्हणजे पुन्हा होणार नाही असं काही करता येईल."

आणि रोहिणीला तो शेतमालक आठवला. बाकीच्यांना मी काही म्हणत नाही, असं म्हणणारा. गोड बोलून नाव काढून घेतात हे तिनं लहानपणी बघितलं होतं. या बाई खरंच शिक्षा करत नाहीत, यांच्या धंद्याची रीतच ती आहे, हे तिच्या ध्यानात कसं यावं? चुकलेल्याला शिक्षा नसते, हे शहादेव सरांनी क्लासात एकदा सांगितलं होतं. तिनं वहीत उतरवूनही घेतलं होतं. पण उतरवून घेतलेलं आणि अंगात मुरलेलं यात फरक असतो.

"आमच्या जोडीकडून झालं, मॅडम," ती म्हणाली.

"नेमकं काय झालं?"

"जोडीकडून झालं. जे करायचं ते जोडीला करा."

मॅडम म्हणाल्या, "तानाजीनं सकाळीच सगळं लिहून पाठवलंय. कुठल्या खिडकीत काय टाइप झालं, सगळं. ते ठीक आहे, तो विषय मिटला. मी विचारतेय, नोंदी कुणी पुसल्या?"

रोहिणीनं पडद्यावरची नजर काढून घेतली.

"नोंदी एका जागी नसतात गं," मॅडम म्हणाल्या. " पडल्या त्या क्षणी त्यांची प्रत दुसऱ्या मशीनवर जाते. ती बघायला आम्हाला रात्र लागली, कारण तेही मशीन आम्ही बंद करून ठेवलं होतं. तिथं आहे सगळं. तो आला तेही आहे, नंतर तुमच्या उमापूरच्या कनेक्शनवरून कुणी आलं तेही आहे."

ही दुसऱ्या मशीनची गोष्ट पुढच्या धड्यात होती. तिथपर्यंत ती अजून पोचली नव्हती.

"तू त्याच्यासाठी केलंस, हे मला कळतंय," मॅडम म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात राग नव्हता, हे जास्त वाईट. "पण ज्याच्या हातात चाव्या द्यायच्या, तो खुणा पुसणारा नको. मला तुला ठेवता येणार नाही, रोहिणी."

तिनं माइक बंद केला. भांडायला, रडायला, हात जोडायला काही उरलं नव्हतं. लॅपटॉपच्या काळ्या पडद्यात तिला स्वतःचं तोंड दिसत होतं आणि ते बघवेना म्हणून तिनं झाकण लावलं.

तानाजीचा फोन आला तेव्हा तो चाचरत बोलत होता. त्याचं काम पक्कं झालं होतं. मॅडमनी सगळ्यांसमोर त्याचं लिहिलेलं वाचून दाखवलं आणि असं सांगायचं असतं म्हणाल्या. "मी तुझं न्हाई सांगितलं," तो म्हणाला. "त्यांना आधीच माहीत व्हतं. मला सहन होईना म्हणून मी माझं सांगितलं. पण तू कावून पुसलंस, रोहिणी? मी तर सांगणारच व्हतो."

तिला त्याचा राग करायचा होता. केला असता तर बरं वाटलं असतं. पण राग टेकवायला तिला जागाच सापडेना. त्यानं काय वाईट केलं? चुकला, आणि चुकलो म्हणाला. बांधावर उभं राहून टोळीचं काम बघणाऱ्या घरातला तो पोरगा. आग लागली तर नाव विचारणाऱ्यांच्या बाजूचा. नाव सांगून कुणी जिवंत राहतं, हे त्याला ठाऊक असणारच. तिला कुठून ठाऊक असणार?

"तुला न्हाई कळणार," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

घरी सांगायला तिला दोन दिवस लागले. सांगितलं ते वडलांना, आई धुणं धुवायला गेलेली असताना. गहिनीनाथांनी सगळं ऐकून घेतलं. मशीन, नोंदी, दुसरी प्रत, यातलं त्यांना किती समजलं कुणास ठाऊक, पण जोडी आणि नाव एवढं समजलं.

"मी बी तेच केलं असतं, बाळा," ते म्हणाले.

हे ऐकून तिला बरं वाटायला पाहिजे होतं. वाटलं नाही. उलट तिथंच ती पहिल्यांदा हमसून रडली, कारण वडील आपल्याएवढेच हतबल आहेत हे तिला त्या वाक्यानं कळलं. गहिनीनाथांनी डावा हात तिच्या डोक्यावर ठेवला.

विमलबाई आल्या. दोघांच्या तोंडाकडं बघितलं. ओली लुगडी दोरीवर टाकली, मग आत गेल्या आणि आढ्याला अडकवलेला कोयता काढून घिसाड्याकडं धार लावायला घेऊन गेल्या. नवऱ्याचाही काढला. तो रोहिणीच्या हाताला लांब व्हायचा म्हणून त्याची मूठ बदलून आणली.

दुसरीकडं कामं नव्हती का, असं कुणी म्हणेल. शहादेव सरांनी दोन ठिकाणी शब्द टाकला. आधी कुठं काम केलं, का सोडलं, हे दोघांनीही विचारलं. तिनं खरं सांगितलं, कारण आता खोटं बोलायची तिला दहशत बसली होती. पुन्हा कुणाचा फोन आला नाही. आणि दसरा काही कुणासाठी थांबत नाही. ती न जाती तर सुंदररावानं विमलबाईंना कुठल्या तरी रिकाम्या गड्याशी जोडलं असतं, नाहीतर त्या घरी बसल्या असत्या आणि चूल थंड.

ट्रॅक्टर आला. दोन ट्रॉल्या, त्यात पेट्या, पिठाची पोती, कोंबड्या, लेकरं. सुंदरराव खाली उभा राहून कोयते मोजत होता. मायलेकी चढल्या तेव्हा तो म्हणाला, "हं. हा कोयता पुरा झाला." गहिनीनाथ शेळीची दोरी धरून उभे होते. त्यांनी डावा हात वर केला. लॅपटॉप पेटीत, सगळ्यात खाली, गोधडीत गुंडाळलेला. कोपीत लाईट नसते हे रोहिणीला माहीत होतं. तरी तिनं तो घेतला होता.

कृष्णाकाठच्या रानात काम सुरू झालं. कॉलेज केलेल्या हाताला फोड आले, फुटले, पुन्हा आले. ऊस जमिनीलगत तोडायचा असतो. बुडातच गोडी आणि वजन असतं, आणि उंच बुडखा राहिला की मालकाचा खोडवा, म्हणजे त्याच बुडातून फुटणारं पुढचं पीक, तेही बिघडतं. रोहिणीला कमरेतून तेवढं वाकवत नव्हतं. ती दमून वर वर तोडायची. शेजारच्या बायकांना दिसत होतं. त्या जाता-येता तिचे बुडखे पाचटानं झाकत गेल्या. कुणी बोललं नाही, कुणी सांगितलं नाही. टोळीत असंच असतं.

पण मालकाचा पाय एका बुडख्याला अडखळला. त्यानं पाचट बाजूला सारलं, मग आणखी सारलं, आणि तो तापला. सुंदररावाला बोलावून घेतलं. सगळी टोळी उभी केली.

"ह्या सऱ्या कुणाच्या?" सुंदररावानं विचारलं.

टोळी गप्प. कोयते खाली, माना खाली. विमलबाईंनी लेकीच्या मनगटाला हात लावला, हळूच.

रोहिणीला आईचं ओट्यावरचं 'व्हईल' आठवलं. तिला शिवानी मॅडमचा आवाज ऐकू आला. काय झालं तेवढं क्रमानं सांग. निदान एकदा तरी बरोबर करावं, असं तिला आतून वाटलं. एवढं गमावून आपण एक गोष्ट शिकलो होतो, ती तरी कुठंतरी उपयोगी पडावी.

"माझ्या हायेत," ती म्हणाली. "कडंपासून त्या बाभळीपोतर. मला वाकाया जमत नव्हतं म्हणून उंच तुटले. मी आजच सगळे पुन्हा खालून तोडून देते, आन् उद्यापासून मोळ्या बांधते, तोडणी माय करंल."

मालक तिच्याकडं बघत राहिला. मग सुंदररावाकडं वळला. "आणि हे झाकलं कुणी?"

दुसऱ्यांची नावं ती घेणार नव्हती. पण आता उशीर झाला होता. एकीनं कबूल केलं म्हटल्यावर झाकणाऱ्या आपोआप उघड्या पडल्या. मालकानं त्या सगळ्या पट्ट्याची पुन्हा छाटणी करून मागितली. सुंदररावानं त्या बायकांचा दिवस हिशोबात धरला नाही, विमलबाईंचाही नाही, आणि या पोरीला पुढल्या साली आणायचं नाही असं सगळ्यांसमोर सांगितलं.

दुपारभर टोळी वाकून बुडखे छाटत होती. रोहिणीच्या दोन्ही बाजूच्या सऱ्यांत बायका होत्या, पण तिच्याशी कुणी बोललं नाही. एकीनं फक्त जाताना म्हटलं, "तुला सांभाळाया आमी काय मेलो व्हतो का, बाई?"

उन्हं उतरली तेव्हा ट्रॉली भरायला लागली. विमलबाई मोळी उचलून लेकीच्या डोक्यावर द्यायला आल्या.

"टोळी गप व्हती की," त्या म्हणाल्या. "तू कावून बोलली?"

"चुकलं की सांगायचं असतं, माय."

विमलबाईंनी मोळी तिच्या डोक्यावर ठेवली, तोल सावरेपर्यंत धरून राहिल्या, आणि हात काढताना विचारलं, "कुठं सांगायचं असतं?"

रोहिणी ट्रॉलीच्या फळीकडं चालू लागली. फळी अरुंद होती. खालून आई बघत होती, आणि रोहिणीनं पहिला पाय वर ठेवला.